ओढाताणीचे पहिले धडे

(अमेरिकेत डिझेल ट्रक घेतलेल्या, घेऊ पाहणाऱ्या आणि घेऊन झाल्यावरही घरी अजून खरी किंमत न सांगितलेल्या मराठी बंधुभगिनींसाठी)

अमेरिकेत बरीच वर्षं काढलेल्या मराठी माणसाला दोनपैकी एक व्याधी जडते. पहिलीत तो परसात मेथी लावतो, दुसरीत पिकअप ट्रक घेतो. पहिलीवर उतारा आहे: हरणं येतात आणि मेथी खाऊन जातात. दुसरीवर नाही. कारण ट्रक दारात उभा राहिला की तो कशासाठी घेतला हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्यामागे काहीतरी बांधून ओढावं लागतं.

हे मार्गदर्शन या दुसऱ्या गटासाठी आहे. सोयीसाठी एक उदाहरण धरू. तुम्ही डेन्व्हरला राहता. कोलोरॅडोच्या पश्चिम टोकाला, ग्रँड जंक्शनला, कुणाच्या तरी शेडमध्ये 1967 सालची फोर्ड मस्टँग धूळ खात पडली आहे. विकणारा म्हणतो, ‘लावून ठेवली तेव्हा चालू होती.’ अंतर सुमारे 250 मैल, आणि मध्ये अख्खा रॉकी पर्वत. घरात विचारणा होते, ‘ती बंद गाडी इथवर आणणार कशी?’ आणि तुमच्या तोंडून ते ऐतिहासिक वाक्य जातं, ‘आपल्याकडे ट्रक आहे की!’

आता पुढे वाचणं भाग आहे.

पायरी 1 : बढाई आधी उरकून घ्या

ही पायरी कुणालाच चुकलेली नाही, तेव्हा सुरुवातीलाच उरकावी. हेवी-ड्यूटी डिझेल पिकअपची घराणी तीन. फोर्डची सुपर ड्यूटी, तिच्यात 6.7 लिटरचं पॉवर स्ट्रोक. शेवरोले आणि जीएमसीच्या ट्रकांत 6.6 लिटरचं ड्युरामॅक्स. आणि रॅममध्ये सहा सिलिंडर एका ओळीत बसवलेलं 6.7 लिटरचं कमिन्स. एका घराण्याचे लोक दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत.

मराठी माणूस, त्यातून पुणेकर, कमिन्सकडे झुकतो. कमिन्स ही इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावची, 1919 साली सुरू झालेली कंपनी. 1962 साली ती किर्लोस्करांच्या जोडीने पुण्यात आली. त्यामुळे पुणेकराला हे नाव ऐकून आधी कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं आणि मागाहून इंजिन. डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्स 1989 च्या मॉडेलपासून बसू लागलं तेव्हा त्याचा टॉर्क 400 पौंड-फूट होता. 2019 साली त्याच्या वरच्या दर्जाच्या इंजिनाने 1,000 गाठले. न्यूटन-मीटरमध्ये 1,356. आपली पेट्रोल स्विफ्ट 110 च्या आसपास असते. बारा स्विफ्ट एकदम जुंपल्या तरी थोडी कसर राहीलच.

हा हिशेब पाठ करा, पुढच्या गटगला एकदा सांगा आणि सोडून द्या. कारण तुमची मस्टँग आणि तिच्याखालचा ट्रेलर मिळून 5,000 पौंडांच्या आतबाहेर भरणार, म्हणजे सव्वादोन टन. एवढ्याने या ट्रकला मागे काही लावलंय याची जाणीवही होत नाही. नवशिक्या फसतो तो इथेच. ओढताना जे वजन लागत नाही, ते थांबताना पुरेपूर लागतं. ओढण्याची ताकद शोरूममध्ये हप्त्यावर मिळते. थांबण्याची व्यवस्था ज्याची त्याने करायची असते, आणि उरलेल्या सगळ्या पायऱ्या त्याच व्यवस्थेच्या आहेत.

पायरी 2 : जाहिरात मिटा, दार उघडा

जाहिरातीत लिहिलेलं असतं, हा ट्रक 20,000 पौंड ओढतो. काही तर 35,000 च्या वर जातात. एके काळी हे आकडे म्हणजे प्रत्येक कंपनीने स्वतःच तपासलेला स्वतःचा पेपर होता. पुढे एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने जे2807 नावाची कसोटी ठरवली. तिच्यातली एक परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या घाटावर बेतलेली आहे. 11.4 मैलांचा चढ, रणरणतं ऊन, एसी पूर्ण चालू, मागे जाहिरातीतलं पूर्ण वजन, आणि वेग ताशी 40 मैलांच्या खाली येता कामा नये. मागे जोडचाकं असलेल्या ट्रकला 35 पर्यंत सवलत. कसोटी कडक आहे, यात वाद नाही.

पण ती पास झालेला ट्रक तुमचा नव्हे. तो तुमच्या ट्रकचा सडपातळ चुलतभाऊ. तुमच्या ट्रकचा खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, छोट्या स्टिकरवर छापलेला असतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा चांगलंच जड असतं, आणि ते वजन या आकड्यातूनच कापलं जातं. म्हणून ‘पाऊण टनी’ म्हणवणाऱ्या डिझेल ट्रकचं स्टिकर कधीकधी 2,000 पौंडांच्या आसपासच थांबतं. ज्याला जास्त ओढता येतं त्याला पाठीवर कमी घेता येतं, असा हा प्रकार.

आता वजाबाकी करा. मस्टँग 2,800 पौंड, उघडा ट्रेलर 2,000 पौंड, एकूण 4,800. याचा दहा ते पंधरा टक्के भार ट्रेलरच्या दांडीतून ट्रकच्या हिचवर यायला हवा, म्हणजे 480 ते 720 पौंड. तो स्टिकरातून वजा. तुम्ही वजा. ‘मी पण येतो’ म्हणणारे दोन मित्र वजा. हत्यारांची पेटी, बर्फाचा डबा, आणि वाटेत लागेल म्हणून दिलेली पुऱ्या-बटाट्याची भाजी, सगळं वजा. या उदाहरणात तरीही शिल्लक राहील. पण सवय लागावी म्हणून वजाबाकी करायचीच. पुढेमागे कॅम्पर घ्यायची लहर आली की ती कामाला येते.

ट्रेलरलाही स्वतःचं स्टिकर असतं. दोन आसांचा, 7,000 पौंडांच्या मर्यादेचा साधा ट्रेलर घेतलात तर स्वतःचं वजन जाऊन वर 5,000 उरतात. मस्टँग आरामात बसते. विकणाऱ्याने ‘ही जुनी सबर्बनपण घेऊन टाका’ म्हटलं तर हात जोडा.

पायरी 3 : पोट भरा, योग्य तोंडाने

अमेरिकेत डिझेलच्या नळीची मूठ बहुधा हिरवी असते. ‘बहुधा’ हा शब्द अधोरेखित करा, कारण काही पंपांवर पेट्रोलची मूठही हिरवीच. रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा.

डिझेलच्या तोंडाशेजारी निळ्या झाकणाचं आणखी एक तोंड दिसेल. ते डेफसाठी. डेफ म्हणजे 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. गावाकडे शेती असलेल्यांनी भावुक होऊ नये, ही खताची पिशवी नव्हे. 2010 च्या प्रदूषण-नियमांनंतर धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा बंदोबस्त करायला हा द्रव आला. तो निळ्या तोंडातच जातो. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलात तर ट्रक चालू न करता टो-ट्रक बोलवा. चालू केलात तर दुरुस्तीच्या बिलापुढे ट्रकचा हप्ता किरकोळ वाटेल.

थंडीत एखाद्या ट्रकच्या नाकातून विजेची वायर लोंबताना दिसली तर तो इलेक्ट्रिक आहे असं समजून अभिनंदन करू नका. रात्रभर इंजिन कोमट ठेवण्याची ती सोय आहे. कोलोरॅडोत जानेवारीत तुम्हालाही लागेल.

पायरी 4 : जोडणी, अर्थात बॉलवर विश्वास ठेवू नये

ट्रकच्या मागच्या चौकोनी नळीत हिच सरकवा, आडवी पिन घाला, आणि पिनीच्या टोकाला ती इवलीशी क्लिप लावा. पन्नास-साठ हजार डॉलरचा ट्रक आणि तुमची मस्टँग यांच्यामधलं नातं या क्लिपवर टिकून असतं. ती कधी ना कधी हरवतेच, म्हणून दोन जास्तीच्या क्लिपा ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा.

हिचवर लोखंडी बॉल असतो. गाडीच्या ट्रेलरला मुख्यतः दोन मापं: 2 इंच आणि 2 5/16 इंच. माप बॉलच्या डोक्यावर कोरलेलं असतं आणि ट्रेलरच्या कपलरवरही. दोन्ही वाचा, मोठ्याने वाचा. मोठ्या मापाचा कपलर लहान बॉलवर अगदी मनासारखा बसतो, खटका पडतो, कुलूपही लागतं. पहिला खड्डा येईपर्यंत संसार सुखाचा असतो. मग ट्रेलर वेगळा निघतो आणि ट्रक वेगळा.

म्हणून पारख अशी करा. कपलर बॉलवर उतरवून खटका लावला की ट्रेलरचा पुढचा जॅक पुन्हा उलटा फिरवून दांडी वर उचलायचा प्रयत्न करा. ट्रकचं मागचं धूड तिच्याबरोबर वर आलं तर जोड खरा. दांडी एकटीच वर आली तर पुन्हा पहिल्यापासून. खात्री पटली की जॅक पूर्ण वर घ्या. तो खाली राहिलेले ट्रेलर रस्त्यावर चर पाडत जाताना आवाजावरून ओळखता येतात.

मग साखळ्या. दोन्ही साखळ्या दांडीखालून एकमेकींवरून फुली मारून ट्रकला अडकवा. कपलर निसटलाच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी त्या फुलीच्या झोळीत पडते. वळताना ताणल्या जाणार नाहीत एवढ्या सैल ठेवा, पण जमिनीला घासता कामा नयेत. हा मुद्दा नीटनेटकेपणाचा नाही. पश्चिम अमेरिकेत कोरडं गवत रस्त्याच्या कडेपर्यंत आलेलं असतं. 2018 च्या जुलैत कॅलिफोर्नियात रेडिंग शहराजवळ एका ट्रेलरचा टायर बसला, उघडी रिम डांबराला घासली, ठिणग्या उडाल्या, आणि त्यातून कार फायर नावाचा वणवा पेटला. दोन लाखांहून जास्त एकर जळालं, माणसं गेली. ट्रेलर ओढणाऱ्याचं काय होतं ते फक्त ट्रेलरपुरतं राहत नाही, एवढं या एका उदाहरणावरून लक्षात ठेवावं.

यापुढे दोन वायरी. जाडी वायर सात टोकांच्या प्लगची: दिवे, ब्रेक, चार्जिंग. दुसरी बारीक तार, जोड तुटल्या क्षणासाठीची. ट्रेलर सुटलाच तर ती खेचली जाते आणि ट्रेलरवरची छोटी बॅटरी त्याचे ब्रेक दाबते. ही तार साखळीला किंवा हिचला बांधू नका, थेट ट्रकच्या सांगाड्याला बांधा. हिचच सुटून आलं तर त्याला बांधलेली तार कुणाला काय सांगणार?

पायरी 5 : गाडी चढवणे

ट्रेलर ट्रकला जोडलेला असतानाच गाडी चढवायची. सुटा ट्रेलर मागून वजन आलं की दांडी आकाशाकडे उचलतो. ट्रकचा हँडब्रेक ओढा, चाकांना ओट लावा, मागच्या फळ्या उतरवा.

तुमची मस्टँग बंद आहे, तेव्हा ती विंचने ओढून घ्यावी लागेल. त्याआधी तिच्या चाकांत हवा आहे का पाहा. नसणारच. छोटा कॉम्प्रेसर बरोबर न्या. एकाने आत बसून स्टिअरिंग धरायचं, दुसऱ्याने विंच चालवायचा, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, कितीही चांगला व्हिडिओ मिळत असला तरी.

आत बसणाऱ्याने खिडकीची काच आधीच खाली घ्यावी. हा सल्ला वाचून लोक हसतात. मग गाडी वर चढते, चाकं ट्रेलरच्या दोन मडगार्डांच्या मध्ये जाऊन बसतात आणि दार उघडायला गेलं की चार बोटं उघडून मडगार्डवर आपटतं. मस्टँगची दारं दोनच, आणि ती लांबलचक. बाहेर येण्याचा मार्ग खिडकी. पन्नाशीच्या माणसाने खिडकीतून आधी पाय काढावे की डोकं, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. स्टिअरिंगला सर्वांत बारीक मित्र बसवावा, एवढंच सांगता येईल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट: गाडी नेमकी कुठे उभी करायची. ज्यांच्या आजोबांकडे बैलगाडी होती त्यांना हे धड्यात शिकवावं लागत नाही. गाडी उलाळ झाली तर जू बैलांच्या मानेवरून उचलतं आणि फार धुरजड झाली तर बैल खाली बसतात. धान्याची पोती मागेपुढे सरकवत गाडीवान ते साधायचा. इथे पोतं एकच, मस्टँगचं, आणि तिचं इंजिन पुढे. नाक ट्रकच्या दिशेला ठेवून चढवली तर भार आपसूक पुढे येतो. जुनी बीटल चढवणार असाल तर मात्र सावध, तिचं इंजिन शेपटीत. तीच जागा, तोच ट्रेलर, पण गाडी उलाळ.

हवी तितकी धुरजड झाली की नाही हे पाहायला ट्रकच्या मागच्या चाकावर मडगार्डची उंची आधी मोजा, आणि गाडी चढवल्यावर पुन्हा मोजा. ट्रकची पाठ थोडी बसायला हवी. अजिबात हललीच नाही, किंवा उलट वर आली, तर मस्टँग पुढे घ्या. पुढचे दिवे आभाळाकडे बघू लागले तर मागे. दहाएक इंचांची सरकासरक सगळा हिशेब बदलते.

पायरी 6 : बांधणे

चार पट्टे, चार कोपरे. पट्ट्यावर दोन आकडे असतात. मोठा, 10,000 पौंडांचा, पट्टा कधी तुटेल ते सांगतो. लहान, 3,333 चा, त्याच्यावर किती विसंबावं ते सांगतो. दुकानदार मोठा दाखवतो, तुम्ही लहान वाचा.

पट्टा शक्यतो चाकांवरून किंवा आसाला घ्या. चेसिसला बांधून दाबलीत तर स्प्रिंगा वाटेत खालीवर होतात, आणि प्रत्येक हेलकाव्यानिशी पट्टा थोडा सैल पडतो. प्रत्येक पट्ट्याला बांधताना एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि ताशी 60 मैलांना असा गुणगुणू लागतो की कॅबमधले लोक डिफरेन्शिअल गेलं म्हणून गाडी बाजूला घेतात. एका पिळाने आवाज बंद.

पहिले वीस-पंचवीस मैल झाल्यावर थांबा. पट्टे पुन्हा ताणा. चाकांचे नट तपासा. हात चाकाच्या मध्यावर धरून पाहा. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं लागलं तर बेअरिंगमधलं ग्रीस संपलं असण्याची शक्यता. या थांब्याला कॉफी प्यायला हरकत नाही, पण कॉफी नंतर.

पायरी 7 : ब्रेकशी ओळख

बऱ्याच राज्यांत 3,000 पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं कायद्याने लागतं. डॅशबोर्डवर त्यांचा कंट्रोलर असतो. त्याला एक आकडा आणि एक छोटी कळ. आकडा वाढवला की ट्रेलर जोरात थांबतो. कळ दाबली की ट्रकचे ब्रेक न लागता फक्त ट्रेलरचे लागतात.

रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी 20-25 मैलांना नुसती कळ दाबून पाहा. ट्रेलरची चाकं आवळून घसरली तर आकडा कमी करा. मागून कुणी हळूच पदर ओढल्याइतकंच जाणवलं तर वाढवा. ट्रेलर ठामपणे मागे खेचतोय पण चाकं फिरताहेत, अशा जागी थांबा. वजन बदललं की हे पुन्हा करायचं. जाताना रिकामा ट्रेलर आणि येताना भरलेला, दोघांना एकच आकडा चालत नाही.

एवढं झालं की त्या 1,000 पौंड-फूट टॉर्कला पहिल्यांदा जोडीदार मिळाला.

पायरी 8 : सरळ रस्ता

सरळ रस्ता सोपा वाटतो. म्हणूनच इथे सर्वांत जास्त भोवतं. ट्रेलरच्या टायरांवर ‘एसटी’ असं लिहिलेलं असतं. आपल्या लाल परीशी त्याचा संबंध नाही, तो फक्त ट्रेलरसाठी बनवलेला टायर. यातले कितीतरी टायर ताशी 65 मैलांच्या हिशेबाने बनवलेले असतात. ट्रक मात्र 80 ला नुसता गुरगुरतो. ट्रकला विचारून वेग ठरवू नका, ट्रेलरच्या टायरला विचारा. 65 ऐवजी 80 ने गेलात तर थांबवायची ऊर्जा दीडपट होते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला मर्यादा 55 चीच आहे, आणि तिथे ती सर्वांना कळते, पाळतात किती हा वेगळा विषय.

कधीतरी मागून मोठा कंटेनर शेजारून जाईल, हवेचा धक्का बसेल आणि ट्रेलर शेपटी हलवू लागेल. पहिला झोका, दुसरा त्याहून मोठा. अशा वेळी पायाला एकच गोष्ट सुचते, ब्रेक दाबणं. नेमकी तीच करायची नाही. ट्रकने ब्रेक मारला की मागचं धूड पुढे ढकलतं आणि झोका वाढतो. वेग वाढवून ‘सरळ’ करायचा प्रयत्नही नको. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि ती पायरी 7 मधली छोटी कळ हळूच दाबा. ट्रेलर मागे खेचू लागतो आणि रांगेत येतो. थांबल्यावर गाडी पुढे सरकवा. जवळजवळ नक्की ती उलाळ असेल.

पेट्रोल पंप निवडताना आधी आत कसे जाल याचा नव्हे, बाहेर कसे पडाल याचा विचार करा. ड्राइव्ह-थ्रूमध्ये बर्गर घ्यायचा मोह झाला तर उपास करा.

पायरी 9 : घाट

ग्रँड जंक्शनहून आय-70 ने निघालात की ग्लेनवूड कॅन्यन, मग 10,662 फुटांवरची व्हेल खिंड, आणि सिल्व्हरथॉर्ननंतर सात टक्क्यांचा चढ, तो थेट आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत. बोगद्यातली सर्वांत उंच जागा 11,158 फुटांवर आहे, अमेरिकेच्या इंटरस्टेट जाळ्यात तिच्या वर काही नाही. इथे हवा इतकी विरळ होते की साधं पेट्रोल इंजिन आपली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ताकद गमावून बसतं. टर्बोवालं डिझेल मात्र हवा कोंबून घेऊन चढतं. डिझेल कशासाठी घेतलं, या प्रश्नाचं इथे उत्तर मिळतं. घरच्यांना याच ठिकाणी खिडकीबाहेर बघायला सांगा.

मग बोगदा संपतो आणि उतार सुरू होतो. इथून डेन्व्हरपर्यंत साठ मैलांत जवळजवळ 6,000 फूट खाली यायचं असतं. खंडाळ्याच्या घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे ट्रक आणि त्यांची पुढची हकीकत मराठी वाचकाला सांगायला नको. इथे आणखी एक खोच आहे. पेट्रोल इंजिन ॲक्सिलरेटर सोडला की आपोआप अडवतं, कारण त्याच्या हवेच्या वाटेवर झडप असते. डिझेलला तशी झडप ब्रेकसारखी वापरता येत नाही, पाय काढला की ते निवांत फिरत राहतं. त्याची भरपाई एक्झॉस्ट ब्रेक करतो. बटण दाबलं की टर्बोची पाती मिटतात, धुराची वाट अडते, आणि इंजिन स्वतःच्याच श्वासाने गाडी रोखून धरतं.

बटण दाबा, ‘टो-हॉल’ मोड लावा, आणि उतार सुरू व्हायच्या आत वेग कमी करा. मधून ब्रेक लागला तर ठामपणे दाबून दहाएक मैल वेग उतरवा आणि सोडा. पाय हलका ठेवून तासभर ब्रेक चाटत राहिलात तर जळका वास येईल, मग धूर, आणि मग पेडल मऊ होऊन तळाला जाईल. डेन्व्हरच्या जवळ येता येता ट्रकचालकांसाठी मोठमोठ्या पाट्या लागतात: फसू नका, अजून चार मैल उतार आणि तीव्र वळणं आहेत. पुढे दुसरी: अजून तुम्ही खाली पोचलेला नाहीत. समोर शहर दिसू लागलं की माणूस सैलावतो, हे ओळखून लावलेल्या आहेत. बाजूला वर चढणाऱ्या खडीच्या रस्त्यांना फोटोची जागा समजू नका. ज्यांचे ब्रेक गेले त्यांच्यासाठी ते राखून ठेवलेले आहेत.

पायरी 10 : रिव्हर्स

घर आलं. गल्ली अरुंद. शेजारी लॉनवर उभे. आता मस्टँग उलटी ड्राइव्ह-वेत घालायची.

सूत्र एकच: हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. हात डावीकडे नेलात की ट्रेलरची शेपटी डावीकडे जाते, उजवीकडे नेलात की उजवीकडे. बोटभरच फिरवा आणि वाट बघा. ट्रेलर उशिरा ऐकतो, आणि एकदा ऐकलं की जास्तच ऐकतो. लहान ट्रेलर मोठ्यापेक्षा लवकर घडी होतो, हे कुणाला पटत नाही, पण तसंच आहे. दांडी ट्रकच्या कोपऱ्याकडे यायला लागली की पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा सुरू करा. पुढे घेण्यात कमीपणा नाही. सांगली-कोल्हापूरकडे ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून ती उलटी पळवण्याच्या स्पर्धा लागतात. तिथली पोरं हे डोळे मिटून करतात, पण त्यांनी ऊस तोडणीचा हंगाम काढलेला असतो. तुम्ही कीबोर्ड बडवलेला असतो.

मदतनीसाचा प्रश्न नाजूक. महाराष्ट्रात ट्रकला क्लीनर असतो. तो मागे उतरून पत्र्यावर थाप मारतो, ‘आन दो, आन दो’ म्हणत राहतो, आणि दोन थापा पडल्या की ड्रायव्हर थांबतो. या व्यवस्थेत वाद नाही. अमेरिकेत क्लीनर नाही, तिथे घरच्या माणसाला उभं करतात. ‘या... या... अजून या... अहो, थांबा म्हटलं ना!’ आणि मग ‘केव्हा म्हटलंस?’ इथून पुढचं सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आधी ठरवून घ्या: मदतनीस आरशात दिसला पाहिजे. आरशात दिसत नसेल तर ट्रक थांबलेला पाहिजे. ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ हे शब्द बंद. आणि शंका आली की ब्रेक लावून स्वतः उतरून मागे जाऊन बघा. उतरून बघण्याने कुणाचं मेलबॉक्स पडल्याचं ऐकिवात नाही.

शंका-समाधान

शंका: ट्रेलर भाड्याने घ्यावा की विकत?
समाधान: भाड्याने. विकत घेतलेला ट्रेलर वर्षातून दोनदा वापरला जातो आणि बाकीचे दिवस सोसायटीच्या पत्रव्यवहारात घालवतो.

शंका: ट्रक आहे कळल्यापासून मित्र सोफे हलवायला बोलवतात. गणपतीच्या मंडपाचे खांबही आमच्याच गळ्यात. काय करावं?
समाधान: जावं. मोबदल्यात जेवण मागावं. सोफा मात्र बांधताना पायरी 6 लागू आहे, ‘जवळच तर जायचंय’ म्हणून सोडलेली गादी हायवेवर दुसऱ्याच्या काचेवर जाते.

शंका: मोठा ट्रेलर, गूजनेक वगैरे कधी घ्यावा?
समाधान: बॉल ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर बसतो, त्यामुळे ट्रेलर डोलत नाही आणि जास्त वजन पेलतं. पण ट्रकला छिद्र पाडावं लागतं. ते पाडायची तुमची तयारी असेल तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी नाही, तुम्ही आता लिहायला बसा.

शंका: एवढा खटाटोप करण्यापेक्षा पैसे देऊन कुणाकडून गाडी मागवली तर?
समाधान: स्वस्तात पडेल, लवकर पोचेल, आणि गाडी वाहून आणणाऱ्याचा विमाही असेल. सर्व बाजूंनी तोच शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त नंतर कुणी विचारलं की ट्रक कशासाठी घेतला होता, तर या मार्गदर्शनात त्याचं उत्तर नाही.